पुस्तक कुणाला द्याल, तेही लिहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही 'प्रत्येकानं वाचायलाच हवीत' अशा पन्नास मराठी पुस्तकांची यादी छापली होती. ती मी कापून ठेवली आहे. त्यातली एकवीस माझी वाचून झाली आहेत. राहिलेल्यांपैकी चार आमच्या गावच्या वाचनालयात आहेत, ते सोमवारी जाऊन बघून आले. यादी करणाऱ्यांनी कष्ट घेतलेत, ते कळतं. तरी त्यातला 'प्रत्येकानं' हा शब्द माझ्या मनातून जाईना, म्हणून हे पत्र लिहायला बसले.

मी माण तालुक्यात पस्तीस वर्षं आरोग्य सेविका होते. १९८६ साली लागले, २०२१ साली निवृत्त झाले. उपकेंद्राच्या क्वार्टरमध्ये एकटी राहायचे. पाचेक हजार लोकसंख्येचा भाग, त्यात तीन गावं आणि विखुरलेल्या वाड्या. लसीची पेटी एका खांद्याला आणि दुसऱ्या खांद्याला पिशवी. पिशवीत रजिस्टर, वजनकाट्याची झोळी, पाण्याची बाटली आणि एक पुस्तक. आमच्या कामात वाट बघणं फार असतं. बाळंतपणाच्या कळा थांबून थांबून येतात, रात्र सरत नाही. पेशंटची सासू चुलीपाशी बसलेली, मी उंबऱ्यापाशी. अशा रात्रींत मी वाचायला शिकले. आणि सकाळी त्याच घरातलं कुणीतरी विचारायचं, "नर्सबाई, रातभर काय वाचत हुता?" मग सांगावं लागायचं. सांगता सांगता पुस्तक द्यावंही लागायचं.

लस वय बघून देतात, त्या वयाच्या सगळ्या पोरांना तीच. पुस्तकाचं तसं जमत नाही, हे मला एका चुकीनं शिकवलं.

आमच्या भागातल्या एका बाईंचा नवरा कर्जापायी गेला. साल सांगत नाही, बाई ओळखू येतील. चौथीपर्यंत शिकलेल्या, पण वाचायची हौस मोठी. वाण्याकडून पुडीला आलेला कागदही वाचून मग टाकायच्या. त्या वेळी मी सदानंद देशमुख यांची 'बारोमास' नुकतीच संपवली होती. २००४ साली साहित्य अकादमी मिळालेली कादंबरी. बुलढाण्याकडची बोली, कोरडवाहू शेती, शिकूनही नोकरी नसलेला मुलगा, कर्जानं उसवत गेलेलं घर. मला वाटलं, या बाईंना आपलं दुःख लिहिलेलं दिसेल, जरा धीर येईल. मी मोठ्या विश्वासानं नेऊन दिली. चौथ्या दिवशी त्या उपकेंद्रावर आल्या, पुस्तक पदरात गुंडाळून आणलेलं. टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, "बाई, ह्ये समदं मला म्हाईत हाय. दुसरं काय आसंल तर द्या."

त्या रागावल्या नव्हत्या. पण मला त्या रात्री झोप लागली नाही. पुस्तक उत्तम होतं, आजही मी ते चांगल्या पुस्तकांत धरते. मी त्यांच्या अंगावरची जखम बघितली आणि तीच वर पुस्तकातूनही दाखवली. त्यांना काय हवंय ते विचारलंच नव्हतं.

पुढच्या खेपेला मी लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' नेली. देताना काहीच सांगितलं नाही, फक्त म्हटलं, "ह्या बाईंनी म्हातारपणी लिहिलंय, बघा." १९३४ साली त्याचा पहिला भाग आला, तेव्हा लक्ष्मीबाई पासष्टीच्या पुढं होत्या. सगळ्या घराला दमवणारं वडिलांचं सोवळं, लहर लागेल तेव्हा घर सोडून जाणारा कवी नवरा, १८९५ साली नवऱ्यानं ख्रिस्ती धर्म घेतल्यावर पदरात पोर घेऊन एकटं राहणं. एवढं सोसून ती बाई लिहिते कशी, तर शेजारणीशी ओट्यावर बोलावं तशी. आमच्या या बाईंना ते वाचायला दोन महिने लागले. मी लसीकरणाच्या दिवशी वाडीत गेले की त्या वाटेतच गाठायच्या आणि कुठवर आल्या ते सांगायच्या. सोवळ्याचे प्रसंग सांगताना त्या हसल्या. नवरा गेल्यापासून त्यांना हसताना मी पहिल्यांदा बघितलं. म्हणाल्या, "नवरा जिता आसून एकटी पडली की वो ती. आन् तरी हसती."

त्यावरून मी मनाशी एक नियम करून टाकला होता, की ज्याचं दुखणं त्याला त्या दुखण्याचं पुस्तक द्यायचं नाही. तो नियमही फार टिकला नाही. ग्रामीण रुग्णालयात १०८ च्या गाडीवर एक तरुण चालक होता, धनगराचा. त्यानंच मला विचारलं, "मॅडम, आमच्यावर काय लिवलंय का कुणी?" मी व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' आणून दिली. १९५५ सालची छोटी कादंबरी, धनगरांच्या वाडीवर नेमणूक झालेल्या तरुण मास्तरची. गाडी उभी असायची तेव्हा स्टिअरिंगवर ठेवून त्यानं ती वाचली. मग घरी नेऊन बापाला मोठ्यानं वाचून दाखवली. तालमीचं बांधकाम बापाला फार आवडलं. शेवटी दुष्काळात वाडी उठते, तिथं म्हातारा गप्प बसून राहिला. दुसऱ्या दिवशी एवढंच बोलला म्हणे, "मास्तर चांगला हुता. पर मेंढरांत कधी झोपला न्हाई त्यो." इतकं नेमकं परीक्षण मी कुठल्या मासिकात वाचलेलं नाही.

एकीला तिचं जगणं पुस्तकात बघवेना आणि एकाला तेच बघायचं होतं. हे यादीत कसं लिहिणार? म्हणून माझं म्हणणं असं आहे की, पुस्तकाचं नाव सांगताना ते कुणासाठी, हेही सांगावं. आम्ही मैत्रिणी तसंच करतो.

आम्ही पाच जणी. १९८४-८५ ला एएनएमच्या, म्हणजे आरोग्य सेविकेच्या, ट्रेनिंगला एका खोलीत होतो. आता एक सांगोल्याला, एक विट्याला, एक कोरेगावला, एक मुलाकडे हडपसरला आणि मी इथं. दर गुरुवारी रात्री नऊ वाजता पाचही जणी एकत्र फोनवर येतो. बीपी-शुगरचं पाच मिनिटांत उरकतो, मग प्रत्येकीनं तीन गोष्टी सांगायच्या: सध्या काय वाचतेय, कितव्या पानावर आहे, आणि वाचताना कोण आठवलं. पुस्तक संपायची वाट बघत नाही. संपल्यावर माणूस मत सांगतो. अर्ध्यावर असताना काय चाललंय ते सांगतो, आणि ऐकायला तेच जास्त चांगलं वाटतं. एखादीचं पान तीन आठवडे हललं नाही की आम्ही विचारतो, "काय गं, घरी सगळं बरं आहे ना?" विट्याच्या मैत्रिणीचं पान असंच दोन महिने एकशे आठवर अडकलं होतं. सुनेचं बाळंतपण अवघड गेलं होतं, तिनं कुणाला कळवलं नव्हतं. पानाच्या आकड्यावरून आम्हाला कळलं.

पुस्तकं आमच्यात एसटीनं फिरतात, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या हाती. सध्या माझ्याकडे मारुती चितमपल्लींचं आत्मचरित्र आहे, 'चकवाचांदण'. सोलापुरात जन्मलेला हा वनाधिकारी १८ जून २०२५ ला सोलापुरातच गेला, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी. ती बातमी ऐकून सांगोल्याची मैत्रीण म्हणाली, आपल्या जिल्ह्याचा माणूस आणि मी त्याचं काहीच वाचलेलं नाही. तिनं पुस्तक विकत घेतलं, वाचलं आणि मग माझ्याकडे पाठवलं. मी रोज चारच पानं वाचते. आयुष्यभर त्यांनी नोंदवह्या ठेवल्या. पारधी, कोळी, माहूत, जे भेटतील त्यांच्याकडून शिकून लिहून ठेवलं. मीही पस्तीस वर्षं रजिस्टरं भरली. त्यांच्या नोंदी वाचताना मला माझी रजिस्टरं आठवतात. कुठल्या घरात कितवं मूल, कोण माहेरी गेली, कुणाचं वजन भरत नाही.

एक उदाहरण द्यायलाच हवं. झाडावर कावळ्यांची वसाहत असते तिला त्यांनी 'काकागार' म्हटलंय, आणि बगळे-करकोचे जिथं एकत्र घरटी करतात त्याला 'सारंगागार'. हे मी एका गुरुवारी फोनवर सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता कोरेगावच्या मैत्रिणीचा फोन. त्यांच्या ओढ्याकाठी एक बाभळ आहे, पावसाळ्यात पांढऱ्या बगळ्यांनी भरून जाते, खाली घाण होते म्हणून लोक ती तोडा म्हणतात. "अगं, ते आमचं सारंगागार आहे! मी आज ग्रामपंचायतीत सांगणार आहे." तिनं सांगितलंही. बाभळ अजून उभी आहे.

अशीच एक आठवण 'तोत्तोचान'ची. तेत्सुको कुरोयानागी यांच्या या जपानी पुस्तकाचा मराठी अनुवाद चेतना सरदेशमुख गोसावी यांनी केला आहे आणि तो नॅशनल बुक ट्रस्टनं काढला आहे. मी तो आमच्या अंगणवाडीच्या ताईंना दिला. आगगाडीच्या जुन्या डब्यांत भरणारी शाळा, आणि पहिल्याच दिवशी त्या लहान मुलीचं बोलणं चार तास ऐकून घेणारे मुख्याध्यापक. अंगणवाडीच्या ताईंना चार तास कुठून मिळणार? आहार, वजनं, मोबाइलवर माहिती भरणं. पण त्यांनी एक केलं. वजन घ्यायला मूल काट्याजवळ आलं की आधी त्याला विचारायचं, "आज येताना वाटेत काय दिसलं?" त्याचं सांगून होईपर्यंत काट्याला हात लावायचा नाही. वजनाच्या दिवशी हमखास रडणारी पोरं रांगेत पुढं घुसायला लागली. पुस्तक अजून त्यांच्याकडेच आहे आणि मी ते परत मागणार नाही.

आता वाचनालयाबद्दल. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली आपल्याकडे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत, आमचं 'ड' वर्गातलं. एक खोली, चार कपाटं, संध्याकाळी दोन तास उघडं. पूर्वी प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पानावर एक चिठ्ठी चिकटवलेली असायची, तिच्यावर तारीख आणि सभासद क्रमांक. मी नोकरीच्या सुरुवातीला गावात कुणालाच ओळखत नव्हते. पण मला आवडेल त्या पुस्तकाच्या चिठ्ठीवर ११२ हा आकडा माझ्या आधी असायचा. मग मी उलटं सुरू केलं. ज्यावर ११२ दिसेल तेच पुस्तक घ्यायचं. अण्णा भाऊंची 'फकिरा' मला ११२ नं दिली, उद्धव शेळक्यांची 'धग'ही त्यानंच. दीड वर्षानं कळलं की ११२ म्हणजे बाजारपेठेतले शिंपीकाका, ज्यांच्याकडे मी माझे युनिफॉर्म शिवायला टाकत होते. मी सांगितलं तेव्हा ते मशीन थांबवून म्हणाले, "म्हणजे १४६ तुम्ही व्हय?" तेही माझा आकडा बघत होते!

काका आता ऐंशीच्या पुढं आहेत, मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊनही बारीक अक्षर दिसत नाही. मी आठवड्यातून दोनदा जाऊन वाचून दाखवते. अजून त्यांना आधी विचारायचं असतं, "ह्ये कुणी दिलं?"

ती चिठ्ठी आता बंद झाली. देवघेव वहीत लिहितात, वही ग्रंथपालाच्या खणात. पुस्तक आपल्या आधी कुणाच्या घरी राहून आलं ते कळत नाही. म्हणून गेल्या वर्षी मी एक शंभर पानी वही आणली, भोक पाडून सुतळीनं कपाटाला बांधली आणि वर लिहिलं, 'वाचून झालं? दोन ओळी लिहा.' पहिला महिनाभर कोरी होती. मग सातवीतल्या एका मुलीनं 'पाडस' नेलं. मार्जोरी रॉलिंग्ज यांच्या कादंबरीचा राम पटवर्धनांनी केलेला अनुवाद. तिनं पेन्सिलीनं लिहिलं: 'शेवटी पाडस मरतं. मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी हळू वाचलं असतं.' त्याच्या खाली दुसऱ्या हस्ताक्षरात, बहुधा आमच्या पोस्टमनभाऊंच्या: 'बाळ, मी पण रडलो होतो.' आता वहीची तेवीस पानं भरली आहेत.

एक गोष्ट कडवट वाटली तरी लिहिते. आमच्या गावच्या मोबाइल ग्रुपवर मध्यंतरी एकानं तीनशे पुस्तकांच्या पीडीएफ एका झटक्यात पाठवल्या. अंगठ्यांचा पाऊस पडला. त्यानंतर मी भेटेल त्याला विचारत होते, काय वाचलं? एकानंही एक उघडली नव्हती. जिवंत लेखकांची, दुकानात आज मिळणारी पुस्तकं त्यात स्कॅन करून टाकलेली. आपल्या कायद्यानं लेखक गेल्यावर साठ वर्षं त्याचा हक्क राहतो. लक्ष्मीबाई १९३६ साली गेल्या, त्यांचं पुस्तक कुणीही कुणालाही मोकळेपणानं पाठवावं. पण जो माणूस आज लिहून त्यावर घर चालवू बघतोय, त्याचं पुस्तक असं वाटणं ही चोरी आहे, आणि ती वाचनाच्या प्रेमाच्या नावाखाली होते म्हणून मला अधिक लागते. आम्ही पाच जणी एक प्रत विकत घेतो आणि पाच घरांत फिरवतो. परवडत नसेल तर वाचनालयाची वर्गणी भरावी. आमच्याकडे ती महिन्याला एका वडापावच्या किमतीएवढी आहे.

तर संपादक महोदय, मागणं एवढंच. रविवारच्या पुरवणीत नव्या पुस्तकांची परीक्षणं येतात, ती येऊ द्यात, मी वाचते. त्याच्या शेजारी एक लहान चौकट द्या. तिच्यात तुमच्या वाचकांनी लिहावं: सध्या काय वाचताय, कितव्या पानावर आहात, पुस्तक कुठून मिळालं आणि कुणाला द्याल. जुनं पुस्तक चालेल, अर्धवट चालेल, दिवाळी अंक चालेल. मोठ्या लेखकांना विचारू नका, त्यांना बोलायला जागा आहेत. पेट्रोल पंपावरच्या रात्रपाळीच्या मुलाला विचारा, ऊसतोडीच्या फडावर शाळा चालवणाऱ्या ताईला विचारा, मुंबईच्या लोकलमध्ये कल्याण ते दादर उभ्यानं वाचणाऱ्या बाईला विचारा. आणि 'कुणाला द्याल' हा प्रश्न गाळू नका. 'सर्वांना' असं कुणी लिहिलं तर पत्र परत पाठवून विचारा, म्हणजे नक्की कुणाला?

सुरुवात माझ्यापासून करते.

पुस्तक: 'चकवाचांदण', मारुती चितमपल्ली. पान: दोनशे चौदा. कुठून मिळालं: सांगोल्याच्या मैत्रिणीकडून, दहिवडीच्या एसटीनं.

कुणाला देईन: गेल्या महिन्यात दहिवडीच्या स्टँडवर गाडीची वाट बघताना शेजारी एक मुलगी बसली होती. वनरक्षक म्हणून नवीनच लागलेली, मायणीकडे नेमणूक झाली आहे म्हणाली. खाकी कपडे अजून कडक होते. रात्री क्वार्टरमध्ये एकटीला भीती वाटते, आई रोज फोनवर नोकरी सोड म्हणते, असं सांगताना तिचा आवाज बारीक झाला. मी १९८६ साली तशीच होते. तिला काहीतरी सांगायचं माझ्या ओठांवर आलं, तेवढ्यात तिची गाडी लागली. नाव, नंबर विचारायचा राहून गेला. हिरवी सॅक होती आणि डाव्या हातात पुरुषी घड्याळ. बाळ, हे पत्र छापून आलं आणि तुझ्या वाचनात आलं, तर दहिवडी स्टँडवरच्या कंट्रोलरकडे चौकशी कर. सांगोल्याच्या मैत्रिणीनं हो म्हटलं आहे, माझं वाचून झालं की पुस्तक तिथं ठेवते. पहिल्या पानावर आम्हा पाच जणींची नावं आहेत, सहावी जागा मोकळी आहे.

आपली,
एक निवृत्त आरोग्य सेविका
ता. माण, जि. सातारा